मैत्री टाळून लिहिलेली अस्वलाची कादंबरी

दहा वर्षांची मुलगी आणि अस्वल यांच्यावर किशोरांसाठी कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा या दोघांची मैत्री होऊ द्यायची नाही, एवढे एकच ठरलेले होते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा या पट्ट्यात, अस्वलाने जखमी केलेला माणूस ऐकिवातला नव्हे, ओळखीतला असतो. अस्वलाच्या गळ्यात हात टाकणारी नायिका शहरातल्या वाचकाला गोड वाटेल; आईबरोबर रानात करवंदांना जाणाऱ्या मुलीच्या हाती असे पुस्तक देणे मला जमणार नव्हते. पिल्लू घरी आणून वाढवण्याचा नेहमीचा मार्गही बंद होता, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

मग कादंबरी पुढे सरकणार कशाच्या बळावर? उत्तर मिळाले ते अस्वलाच्या खाण्यात. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते, तेव्हा नाकात माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटते, आणि त्या शोषण्याचा आवाज शंभर मीटरांपलीकडेही ऐकू जातो. म्हणजे दिसण्याआधी ते ऐकू येते, आणि त्याहीआधी उकरलेले वारूळ, बहाव्याच्या बिया असलेली विष्ठा, सालीवरचे ओरखडे दिसतात. नायिकेला मी या खुणा वाचायला लावले आणि मादीची वाट तिला प्रकरणागणिक कळत गेली. पिल्ले हिवाळ्यात जन्मतात, पुढे आईच्या पाठीवर बसून हिंडतात. उन्हाळ्यात करवंदे आणि फणस पिकतात, तेव्हा गावकरीही त्याच रानात असतात. संघर्ष वेगळा रचावा लागला नाही.

गाव काल्पनिक ठेवले, पण ते भीमगडच्या कडेला आहे. २०११ साली हे अभयारण्य घोषित झाले, त्याच्या आत वस्त्या आहेत, आणि उठायचे की राहायचे हा वाद मोठ्यांच्या बोलण्यातून नायिकेच्या कानावर अर्धामुर्धाच पडतो. तो पूर्ण समजावून सांगण्याचा मोह आवरला, कारण त्या वयात तो तसाच कळतो.

सर्वांत दमवले ते समोरासमोर येण्याच्या दीड पानाने. अस्वलाची नजर आणि कान बेताचेच. माणूस अचानक पुढ्यात आला की ते बिथरून अंगावर येते. म्हणूनच जाणती माणसे रानातून मोठ्याने बोलत जातात. नायिकेने इथे शौर्य दाखवावे असे मलाही वाटत होते, पण शेवटी ती दुरूनच थांबते, हळूहळू मागे सरकते आणि एवढेच करते. मसुदा एका मराठी शाळेत वाचून दाखवला, तेव्हा या जागी वर्ग शांत होता; प्रश्न आला तो भलताच, "पिल्लांचा बा कुठं गेला?" नर पिल्लांच्या संगोपनात नसतोच, हे सांगणारा परिच्छेद त्यानंतर घातला.

संवाद इकडच्या बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, यावर संपादकांशी फारशी चर्चा करावी लागली नाही. चर्चा झाली ती मुखपृष्ठावर, कारण त्यांना दोघे एकाच चित्रात हवे होते. चित्रकाराने मुलगी फोडलेल्या वारुळापाशी वाकलेली दाखवली आणि अस्वलाचे फक्त ठसे काढले. ते दोघांनाही पटले, आणि आता मुद्रितशोधन सुरू आहे.