आवाज मागे का राहतो: घरच्या संगणकावर गाणे रेकॉर्ड करताना

घरच्या संगणकावर गाणे रेकॉर्ड करणाऱ्यांची ‘आवाज उशिरा येतो’ ही तक्रार नेहमीची आहे. पण या एका तक्रारीच्या पोटात दोन निरनिराळे दोष असतात आणि ते वेगळे ओळखल्याखेरीज कोणताही उपाय लागू पडत नाही. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये मागून ऐकू येणे हा पहिला दोष. गाताना सारे काही ठीक वाटले, तरी नंतर ऐकल्यावर गायलेला ट्रॅक तबल्याच्या मागे पडलेला आढळणे, हा दुसरा. पहिल्याचा जाच गाणाऱ्याला होतो, तर दुसऱ्याचा नंतर ट्रॅक जुळवत बसणाऱ्याला.

ठाण्यात चरईतल्या आमच्या घरी वहिनी अभंग रेकॉर्ड करू लागल्या, तेव्हा पहिल्याच कडव्याला थांबून त्या म्हणाल्या, “भाऊजी, माझाच आवाज माझ्या मागून चालत येतोय; सम कुठे धरायची?” तक्रार रास्त होती. माइकमधून आलेला आवाज आकड्यांत रूपांतरित होतो, ते आकडे (त्यांना नमुने म्हणतात) थोडे साठेपर्यंत बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात थांबतात, मग सॉफ्टवेअर त्यांच्यावर काम करते आणि बाहेर पडताना ते पुन्हा एका बफरमध्ये थांबून हेडफोनपर्यंत पोहोचतात. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने ५१२ नमुन्यांचा बफर भरायला सुमारे १०.७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे येताजाता मिळून २१ मिलिसेकंद, आणि त्यात रूपांतराचे व यूएसबीचे आणखी काही. बफर १२८ वर आणला, तर हाच थांबा प्रत्येकी २.७ मिलिसेकंदांवर येतो.

एवढ्याशा उशिराचे काय ते कौतुक, असे कोणी म्हणेल. गडकरी रंगायतनात रंगमंचापासून १७ मीटरवर बसलेल्या रसिकापर्यंत गायकाचा आवाज हवेतून पोहोचायला ५० मिलिसेकंद लागतात आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. गाणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्याचा आवाज कवटीच्या हाडांतून त्याच्या कानात आधीच पोहोचलेला असतो. हेडफोनमधला आवाज पाच-दहा मिलिसेकंदांनी मागे असला, तर उशीर असा जाणवत नाही. पण दोन आवाज एकमेकांत मिसळून काही स्वर पोकळ लागतात आणि गाणारा नकळत जोर लावू लागतो. उशीर वाढून सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास गेला, की चांगला बोलणारा माणूसही अडखळतो. हा परिणाम बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये नोंदवला होता. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर बहुधा याच पट्ट्यात येतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी ते बाजूला ठेवावेत आणि तारेचे हेडफोन वापरावेत.

बफर कमी करा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा नाही. विंडोजवर त्यासाठी आधी ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि संगणक यांच्यातला दुवा असलेला प्रोग्राम, बदलावा लागतो, कारण जुन्या एमएमई मार्गाने गेलेला आवाज विंडोजच्या मिश्रणयंत्रणेतून फिरून येतो. स्टाइनबर्ग या कंपनीने १९९७ मध्ये आणलेली एएसआयओ ही पद्धत त्या यंत्रणेला वळसा घालते. इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारी पेटी, बनवणाऱ्याने स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर दिला असेल, तर तोच घ्यावा. तो नसेल, तेव्हाच ‘एएसआयओ-फोर-ऑल’ या सामायिक ड्रायव्हरकडे वळावे. मॅकवर कोअर ऑडिओ ही आवाजाची अंगभूत यंत्रणा असल्याने हा प्रश्न येत नाही. पण बफर जसजसा लहान होतो, तसतसा प्रोसेसरला श्वास घ्यायला वेळ उरत नाही. मग कटकट असे आवाज येऊ लागतात आणि ते कायमचे रेकॉर्डमध्ये बसतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद करून घेतलेला उत्तम टेक अशा एका कटकटीपायी फुकट जातो, तेव्हा होणारी चिडचिड ज्याची त्यालाच ठाऊक.

म्हणून माझे मत असे, की गाणाऱ्याचा आवाज संगणकातून फिरवून त्याच्या कानापर्यंत आणूच नये. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ असे बटण किंवा खुंटी असते. ती चालू केली, की माइकचा आवाज इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला जातो आणि बफर कितीही मोठा असला तरी फरक पडत नाही. त्याच वेळी सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग, म्हणजे गाणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवणे, बंद करायला विसरू नये. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ची (नव्या आवृत्त्यांत ‘ऑडिबल इनपुट मॉनिटरिंग’ची) खूण काढावी, अन्यथा थेट आवाज आणि मागून येणारा आवाज असे दोन्ही ऐकू येतात आणि दोष जसाच्या तसा राहिला असे वाटते.

थेट आवाज कोरडा असतो आणि कोरड्या आवाजात गाणे कोणालाच आवडत नाही. यावर एक सोपी युक्ती आहे आणि मॉनिटरिंग बंद ठेवण्याला तेवढाच अपवाद. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग चालू ठेवून त्यावर रिव्हर्ब, म्हणजे सभागृहासारखा घुमारा, लावावा आणि त्यातला मूळ आवाज शून्य करून केवळ घुमारा शिल्लक ठेवावा. तो घुमारा २५ मिलिसेकंद उशिरा आला तरी खटकत नाही, कारण खऱ्या सभागृहातही भिंतीवरून परतणारा आवाज असाच मागाहून येतो. वहिनींची समेची तक्रार याने मिटली.

आता दुसरा दोष. गाणाऱ्याने कानातल्या ठेक्याला धरून बिनचूक गायले, तरी तो ठेका त्याच्या कानापर्यंत पोहोचायला लागलेला वेळ आणि त्याचा आवाज आत यायला लागलेला वेळ यांची बेरीज सॉफ्टवेअरने वजा केली नाही, तर ट्रॅक तेवढा मागे बसतो. ही बेरीज अंदाजाने ठरवू नये, मोजावी. ऑडॅसिटीच्या ‘जनरेट’ मेनूतून टिकटिक ठेक्याचा ट्रॅक तयार करावा, ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’ (उशिराची भरपाई) या रकान्यात मुळात भरलेला उणे १३० मिलिसेकंद हा आकडा काढून शून्य करावा, डायरेक्ट मॉनिटर बंद करावा, हेडफोनची एक वाटी माइकच्या जाळीला टेकवावी आणि ती टिकटिक नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करावी. मग दोन्ही ट्रॅक इतके मोठे करून पाहावेत, की टिकटिकीचा एक उभा कडा पडदाभर दिसेल. आमच्याकडे खालचा कडा वरच्याच्या १,३१० नमुने मागे होता. ४८,००० ने भागले, तर २७.३ मिलिसेकंद. तो आकडा उणे चिन्ह लावून त्याच रकान्यात भरला आणि पुन्हा टिकटिक रेकॉर्ड केली, तेव्हा दोन्ही कडे एकाखाली एक आले. रीपर मात्र ड्रायव्हरने कळवलेला उशीर आपण होऊन वजा करतो. ड्रायव्हर खरे सांगत असेल तर तिथे फरक जवळपास शून्य दिसतो, आणि नसेल तर उरलेला फरक हाताने भरण्याची सोय आहे. बफर, नमुन्यांचा वेग किंवा ड्रायव्हर बदलला, की मोजणी नव्याने करावी.

एक दोष मात्र या मोजणीने जात नाही. यूएसबी माइकमध्ये गाऊन लॅपटॉपच्या खाचेतल्या हेडफोनवर ऐकले, तर त्या दोन उपकरणांची घड्याळे स्वतंत्र असतात. त्यांच्यात दहा लाखांत ५० इतकाच फरक असला, तरी पाच मिनिटांच्या अभंगाच्या शेवटी तो १५ मिलिसेकंद होतो. म्हणजे ध्रुपद जुळलेले आणि शेवटचे कडवे सुटलेले, असे चित्र दिसते. यावर आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज एकाच उपकरणातून नेणे हा खरा उपाय आहे. त्यामुळे यूएसबी माइकच घ्यायचा असेल, तर ज्याच्या अंगावर हेडफोनची खाच आहे असाच घ्यावा. त्या खाचेतून थेट मॉनिटरिंगही बहुधा मिळते.