जोडपान

दुरुस्तीला आलेलं पुस्तक मी आधी उघडत नाही. मिटलेलंच उजेडात धरतो आणि त्याची कड बघतो. बोटांचा मळ कडेला बसतो. पस्तीस वर्षं बाइंडिंग केल्यावर पुस्तक कुठं कुठं उघडलं गेलंय ते त्या मळावरूनच कळतं. बायबलला मधोमध एक काळपट पट्टा हमखास असतो, तो स्तोत्रसंहितेचा. पाऊण भाग सरला की दुसरा, शुभवर्तमानांचा. लेवीय आणि गणना या आतल्या पुस्तकांची कड मात्र करकरीत कोरी. तिकडे कोणी फिरकत नाही.

त्या बाईंनी आणलेल्या बायबलला स्तोत्रांच्या पुढं आणखी एक बारीक काळी रेघ होती. तिथं उघडलं तर यहेज्केल ३४. कळपाला वाऱ्यावर सोडून स्वतःचंच पोट भरणाऱ्या मेंढपाळांचा अध्याय. मी काही बोललो नाही. गिऱ्हाइकाच्या पुस्तकात काय दिसलं ते बोलून दाखवायचं नाही, हा माझा जुना नियम आहे.

पाठ सुटली होती, पुढचा पुठ्ठा लोंबत होता आणि वर चिकटपट्टी. हिचा मला मनस्वी राग आहे. पट्टी लावणारा प्रेमानंच लावतो, पण चार-पाच वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, प्लॅस्टिक गळून जातं आणि डाग कायमचा राहतो. फाटलेलं पान मी जोडू शकतो. पट्टी लावलेलं पान आधी सोडवावं लागतं, आणि बायबलचा कागद इतका पातळ असतो की सोडवताना अक्षरं पट्टीबरोबर निघून येतात.

"पाठ नवीन करा," बाई म्हणाल्या, "आणि हे पहिलं पान काढून टाका."

पहिलं पान म्हणजे अर्पणपत्रिका. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, त्यांच्या आईच्या नावानं. रविवारच्या शाळेतल्या पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मंडळीतर्फे, म्हणजे चर्चतर्फे, प्रेमपूर्वक भेट. खाली पाळकांची, चर्चच्या धर्मगुरूंची, लफ्फेदार सही. मी पान उलटलं. मागं त्याच आईच्या हातची यादी होती: लग्न, जन्म, बाप्तिस्मे, मृत्यू, सगळ्यांच्या तारखा.

"मागचं हवंय," बाई म्हणाल्या. "पुढचं नको."

लोकांना वाटतं पुस्तक म्हणजे सुट्या पानांची चळत. जुजबंदी केलेल्या, म्हणजे फर्मे शिवून बांधलेल्या पुस्तकात एकही पान सुटं नसतं. मोठा कागद घडी घालून फर्मा होतो, आणि फर्म्यातलं प्रत्येक पान घडीच्या पलीकडच्या एका पानाशी जोडलेलं असतं. आम्ही त्याला जोडपान म्हणतो. पहिलं पान ओढून काढलं की शेवटचं सैल होतं आणि एक दिवस गपचूप गळून पडतं. हा फर्मा सोळा पानांचा होता. पहिल्या पानाचं जोडपान मी शोधून बघितलं. उत्पत्तीचा २७ वा अध्याय, आंधळ्या इसहाकाला फसवून याकोब आशीर्वाद लाटतो ते पान.

आमच्या पोऱ्यानं लगेच तोडगा सुचवला. झेरॉक्स काढा, मागची बाजू नव्या कागदावर उतरवा, मूळ पान फेकून द्या. या पिढीला प्रत आणि मूळ एकच वाटतं. म्हातारीनं नवऱ्याच्या मृत्यूची तारीख लिहिताना पेन इतकं दाबलं होतं की पुढच्या बाजूला उंचवटे उठले होते. झेरॉक्समध्ये उंचवटे येत नाहीत.

मी बाईंना बसवलं आणि कारण विचारलं. खरं तर मला विचारायची गरज नव्हती.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. मंडळीच्या वार्षिक सभेत त्यांनी इमारत निधीचा हिशेब मागितला. आवाज न चढवता, कागदावर तीन प्रश्न लिहून. पुढच्या रविवारी गणना १६ वर उपदेश झाला. कोरहानं मोशेविरुद्ध बंड केलं आणि जमिनीनं त्याला गिळलं. एरवी ज्या पुस्तकाची कड कोरी राहते, ते पाळकांना नेमक्या वेळी बरं सापडतं. उपदेशात नाव कुणाचं नव्हतं, पण सगळी मंडळी त्यांच्याच बाकाकडे बघत होती. मग रविवारची शाळा गेली, गायकवृंद गेला. दारात हात मिळवणारे लोक चपला शोधू लागले.

"तेही सोसलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आई गेली."

आई घरात ठेवलेली असताना निरोप आला. आधी माफीनामा लिहून द्या, मग दफनविधीचं बघू. रात्री अकरा वाजता, आईच्या उशाशी बसून त्यांनी तो लिहिला. सकाळी पाळक आले, विधी नीट केला, आवाज गहिवरलेला. कबरीवर माती टाकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि ते खोटं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तेच मला सहन होत नाही."

अशा वेळी ख्रिस्ती माणूस एक वाक्य हमखास फेकतो: माणसांकडे पाहू नका, देवाकडे पाहा. मी ते आयुष्यभर ऐकत आलोय, आणि ज्याच्याकडे बघायची वेळ आलेली असते त्याच्याच तोंडून जास्त ऐकलंय. मी ते म्हणालो नाही, एवढंच माझं पुण्य.

मी कामाचं बोललो. अर्पणपत्रिकेवर पातळ जपानी टिश्यू चिकटवू, म्हणजे झाकली जाईल आणि मागची यादी शाबूत राहील. मैद्याची खळ वापरीन, म्हणजे पुढं कधी वाटलं तर ओलं करून सोडवता येईल. मग सवयीप्रमाणे शाई तपासली. ओल्या दोऱ्याचं टोक सहीखालच्या टिंबावर टेकवायचं, वर टीपकागद दाबायचा, पाच मोजायचे. टीपकागद उचलला तर निळा डाग. फाउंटनपेनची शाई, पाणी लागलं की फुटणार. आईची यादी बॉलपेनची होती, ती हलली नाही.

म्हणजे खळ लावली की शाई विरघळून मागच्या बाजूला, आईच्या तारखांत उतरणार. मी तसं सांगितलं. बाई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"यादीत माझ्या मुलाचा बाप्तिस्मा आहे," त्या म्हणाल्या. "याच माणसाच्या हातचा. दादा, तो झाला म्हणायचा की नाही?"

मी बाइंडर आहे, पाळक नाही. पण एकदा एका सेमिनरीच्या, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या शाळेच्या ग्रंथालयाचं काम माझ्याकडे होतं. मंडळीच्या इतिहासाचे जाड खंड, शिवता शिवता मी वाचायचो. त्यातली एक गोष्ट माझ्या धंद्याची म्हणून लक्षात राहिली. इ. स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनचं फर्मान निघालं: चर्च पाडा, शास्त्रलेख जाळा. काही पुढाऱ्यांनी जीव वाचवायला पुस्तकं शिपायांच्या हवाली केली. त्यांना 'त्रादितोर' म्हणू लागले, हवाली करणारे. इंग्रजीतला 'ट्रेटर' याच मुळातून आला. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेत भांडण पेटलं. अशा माणसाच्या हातचा संस्कार खरा मानायचा का? डोनाटस नावाच्या बिशपाचा पक्ष म्हणाला, मुळीच नाही, हात शुद्ध हवेत. शंभर वर्षं दोन मंडळ्या समोरासमोर उभ्या होत्या. ४११ साली कार्थेजला दोन्हीकडच्या बिशपांची सभा बसली. तिथं दुसऱ्या बाजूनं बोलणारा बिशप ऑगस्टिन. त्याचं म्हणणं असं की बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या शिष्यानं, पेत्रानं दिला तरी देणारा ख्रिस्त, आणि ख्रिस्ताला दगा देणाऱ्या यहूदानं दिला तरी देणारा ख्रिस्तच. बहुतेक मंडळ्या आजही तेच धरून चालतात.

हे सांगताना मला वाटलं, बाईंच्या जिवाला थंडावा मिळेल.

त्या बराच वेळ पान हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्या हातून मिळालं ते सगळं खरं होतं."

"हो."

"मग हे आणखीच वाईट झालं. खोटं असतं तर टाकून तरी देता आलं असतं."

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. मंडळी सोडणाऱ्यांबद्दल मंडळीत बोललं जातं ते असं: विश्वास कच्चा होता, जगाची ओढ लागली. समोर बसलेल्या बाईंची अडचण नेमकी उलटी होती. त्यांना विश्वास सोडताच येत नव्हता. रोज सकाळी उठून त्या स्तोत्र ५५ वाचतात. शत्रूनं निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तू माझा सोबती, आपण बरोबर देवाच्या घरात जात होतो. आमेन म्हणायला कोणी नसतं, म्हणून स्वतःच मोठ्यानं म्हणतात.

मला पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पाठोपाठ तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून कडाक्याचे वाद. एका पुरोहितशाहीचं जोखड उतरवलं ते दुसरं घ्यायला नव्हे, असं त्यांनी कळवलं. ख्रिस्ताला मात्र त्या धरून राहिल्या. पुढं मूळ भाषा शिकून अख्ख्या बायबलाचं मराठी भाषांतर एकट्यानं केलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते स्वतः छापलं. एकदा ती प्रत हातात आली होती, तेव्हा मी शिवण आधी बघितली. हे बाईंना सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. दुसऱ्याचं मोठेपण अशा वेळी ओझंच होतं.

शेवटी मार्ग निघाला तो असा. टिश्यू पानावर चिकटवायचाच नाही. अर्पणपत्रिकेच्या मापाचा जाडसर कोरा कागद घ्यायचा, तिन्ही मोकळ्या कडांना दोऱ्याइतकी बारीक, जवळजवळ सुकी खळ लावायची. शाईला ओल पोचता कामा नये. अक्षरं आत बंद, मागं यादी तशीच, जोडपान शाबूत. बाई हो म्हणाल्या. दोन दिवस पुस्तक शिकंज्यात ठेवलं. शिवण नवी, सुती दोरा, पाठ गोल, वर साधं काळं कापड. सोन्याची अक्षरं त्यांना नको होती.

घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी पहिलं पान दोन बोटांत धरून चोळलं.

"जाणवतंय," त्या म्हणाल्या.

"जाणवणारच. दोन कागद आहेत."

जाता जाता त्यांनी विचारलं, "दादा, तुम्ही अजून जाता मंडळीत?"

"जातो. मागच्या बाकावर बसतो." हे उत्तर नव्हे हे मलाही कळत होतं.

मग दारात थांबून म्हणाल्या, "तो माफीनामा कुठं असेल हो? असलं काही कुठं ठेवतात?"

"फाडून टाकला असेल," मी म्हणालो.

कुठं ठेवतात ते मला तंतोतंत माहीत आहे. वर्षभराच्या फायलीत भोकं पाडून लावतात. वर्ष संपलं की इतिवृत्त, ठराव, आलेली पत्रं, सगळं एकत्र बाइंडिंगला येतं. काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी आकड्यात साल. आमच्या मंडळीचे असे एकोणीस खंड मी शिवलेत. त्यातली तीन वर्षं मी स्वतः कमिटीवर होतो. एका तरुण शिक्षकाला काढायचा ठराव आला तेव्हा हात वर करणाऱ्यांत माझाही होता. त्याचं पत्र दोन पानांचं आहे. भोकं मजकुरातून गेली होती म्हणून मी त्याला डाव्या कडेनं पट्टी जोडून घेतली, शिवणीत अक्षरं जाऊ नयेत म्हणून. चांगलं काम झालं होतं. सेक्रेटरींनी कौतुक केलं होतं.

विसावा खंड पुढच्या महिन्यात येईल.