खांबाला बांधलेली तार

रेल्वेची लाईन चार्ज व्हायच्या, म्हणजे तारेत वीज सोडायच्या, आदल्या दिवशी माझी ड्यूटी खानापूर ते गुंजी. रुळालगतच्या वस्त्यांत जाऊन सांगायचं: उद्यापासून वरच्या तारेत २५,००० व्होल्ट. एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये.

गुंजीच्या अलीकडे एका घरामागे बघतो तर ओएचईच्या, म्हणजे रुळावरच्या विजेच्या तारेच्या, खांबापासून पेरूच्या झाडापर्यंत बाइंडिंग तार ओढलेली आणि तिच्यावर लुगडी वाळत घातलेली. अंगावर काटा आला. खांब अर्थ केलेला, म्हणजे जमिनीला जोडलेला असतो खरा, पण तार आणि खांब यांच्यामधला वीज अडवणारा इन्सुलेटर फुटला तर क्षणभर दाब खांबातच उतरतो.

घरातले तात्या मीटरगेजच्या काळातले गँगमन. "काय करूलास रे पोरा? इतके महिने खांब उभे आहेत, काय झालं काय?" त्यांचा पुतण्या म्हणाला, "मुंबईत लोकलच्या टपावर बसून गेलोय मी. तार डोक्यावरच होती."

घोळ इथेच होता. मुंबईत तेव्हा १,५०० व्होल्ट डीसी होतं, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज. टपावरची पोरं तिथंही मेली, पण तार चुकवून वाचणारेही होते. २५,००० ला हात लावावा लागत नाही, जवळ गेलं की वीज हवेतून झेप घेते.

"तार ती तारच," तात्या म्हणाले.

मग मी त्यांना तारकेश्वरचं सांगितलं. ट्रेनिंगमध्ये ऐकल्यापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही. बंगालमधली शेवडाफुली–तारकेश्वर शाखा १८८५ ची, सुमारे ३५ किलोमीटरची, महादेवाच्या यात्रेकरूंची. हावडा–शेवडाफुली विजेची गाडी नेहरूंच्या हस्ते १४ डिसेंबर १९५७ ला सुरू झाली आणि मागोमाग या शाखेवरही तारा आल्या. ३,००० व्होल्ट डीसी. पण त्याच वर्षी रेल्वेनं देशासाठी २५ केव्ही एसी, म्हणजे २५,००० व्होल्टची दिशा बदलत राहणारी वीज ठरवली, कारण जास्त दाबाला तारेत वीज सोडणारी सबस्टेशनं लांब लांब चालतात, तारही बारीक पुरते. कोरी करकरीत डीसी लाईन एकटी पडली. साठचं दशक संपायच्या आत तिथंही एसी आलं. रूळ तेच, तार खालून तशीच दिसणारी, आणि दाब आठपटीहून जास्त!

"तात्या, दहा वर्षं त्या तारेखाली वावरलेल्या माणसांना सगळं परत शिकावं लागलं असेल."

तात्या बराच वेळ वर बघत राहिले. मग आत जाऊन पक्कड घेऊन आले आणि तार स्वतःच्या हातानं सोडली.

"चल, पुढच्या घरी मी येतो," म्हणाले. "तिथं खांबाला म्हैस बांधतात."