आम्ही भिकारी आहोत

चिनी नव्या वर्षाचा पहिला दिवस, हुनान प्रांतातलं एक खेडं, आणि नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा धाकट्या भावाला घेऊन एका मास्तरांच्या दारात भीक मागायला उभा. त्या दिवशी दारात आलेली पोरं घरात धन घेऊन येतात अशी तिकडे समजूत, म्हणून घरातल्यांनी विचारलं, तुम्ही धन घेऊन आलेली पोरं का रे? थोरला म्हणाला, नाही, आम्ही भिकारी आहोत. त्याला काही मिळालं नाही. धाकटा पटकन म्हणाला हो हो, आम्ही तीच, तर त्याला अर्धी वाटी भात आणि मांसाचा एक छोटा तुकडा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सत्तरी ओलांडलेली आजी म्हणाली चला पुन्हा जाऊ, तर हा थोरला जायलाच तयार नाही, शेवटी ती पांढऱ्या केसांची म्हातारी, बांधलेली छोटी पावलं, हातात काठी, दोन नातवांना घेऊन तशीच थंडीत निघाली. हा डोंगरात गेला, लाकडं तोडली, विकली, आणि संध्याकाळी आजीने मागून आणलेला भात काही केल्या खाल्ला नाही.

हा पोरगा म्हणजे पेंग देहुआई. पुढे चीनचा संरक्षणमंत्री, दहा मार्शलांपैकी एक. शंभरेक पानांचं त्याचं छोटं चरित्र मी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं होतं, एका बैठकीत संपेल असं वाटलं होतं, कारण कम्युनिस्ट नेत्यांची चरित्रं म्हणजे नुसती अधिवेशनं आणि ठराव आणि तारखा असाच माझा आजवरचा अनुभव. पण ह्या भिकेच्या प्रसंगापाशी मी थांबलो आणि मग पुढचं सगळं पुस्तक त्याच एका उत्तराच्या उजेडात वाचलं गेलं. पुस्तकात तसं कुठे म्हटलेलं नाही, हे माझं वाचन आहे, पण मला खरंच वाटतं की १९५९ मध्ये ह्या माणसाने जे केलं ते त्या दारातल्या उत्तरासारखंच होतं.

सुरुवातीची वर्षं भरभर सांगतो. जन्म १८९८, शियांगतान तालुका, म्हणजे माओचाच तालुका, माओ ह्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. आई लवकर गेली, सहा महिन्यांचा भाऊ उपासमारीने गेला. कोळशाच्या खाणीत काम केलं तर मालक बुडाला आणि मजुरीही बुडाली. १९१३ ला दुष्काळ पडला तेव्हा गावातल्या लोकांनी मिळून सावकाराचं धान्याचं कोठार उघडायला लावलं, त्यात हा पंधरा वर्षांचा पोरगा पुढे, मग पकडायला येतील म्हणून गाव सोडून तुंगतिंग सरोवराच्या बांधावर माती टाकायला गेला. १९१६ ला हुनानच्या सैन्यात साधा शिपाई. १९२८ च्या एप्रिलमध्ये कम्युनिस्ट पक्षात आणि जुलैमध्ये पिंगजियांगला आपल्या रेजिमेंटसकट उठाव. हे पिंगजियांग नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

लाँग मार्च, म्हणजे कम्युनिस्ट सैन्याची ती हजारो मैलांची माघार, संपताना, १९३५ मध्ये, एका लढाईनंतर माओने त्याच्यावर चार ओळींची कविता केली, शेवटची ओळ साधारण अशी की तलवार आडवी धरून घोड्यावर कोण उभा, आमचा सेनापती पेंगच. पेंगने ती ओळ बदलली, स्वतःच्या नावाच्या जागी ‘आमचं शूर लाल सैन्य’ असं लिहिलं आणि कागद परत दिला. पुढच्या पानांवर काय होणार हे माहीत असताना हा प्रसंग वाचताना मला गलबलून आलं, दोघं एकेकाळी इतके जवळ होते.

इथे एक आपल्याकडचा धागा सांगायलाच हवा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला ज्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले (नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते) आणि नंतर कम्युनिस्टांच्या ज्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारले, त्या सेनेचा मुख्य सेनापती चू तेह आणि उपसेनापती हा पेंग. कोटणीसांबद्दल शाळेपासून ऐकत आलोय पण त्या सेनेतली बाकीची माणसं मला कधी दिसलीच नव्हती.

मग कोरिया. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये चीनने सैन्य पाठवलं त्याचा सेनापती पेंग. नोव्हेंबरच्या २५ तारखेला त्याच्या मुख्यालयावर अमेरिकन विमानांनी नापाम टाकलं, त्यात माओचा थोरला मुलगा माओ आनयिंग जळून गेला, वय २८. हे माओने मनात ठेवलं होतं म्हणून पुढे पेंगला संपवलं असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही, इतकं सरळ असतं तर आठ-नऊ वर्षं कशाला थांबला असता.

मला कोरियातला दुसरा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटला. पोरांकडे धड थंडीचे कपडे नाहीत, रसद पोचत नाही, वर विमानं, आणि बीजिंगहून मात्र पुढे सरका पुढे सरका असे आदेश. १९५१ च्या फेब्रुवारीत पेंग स्वतः बीजिंगला आला, माओ झोपलाय असं सांगितलं तरी रखवालदाराचं न ऐकता आत घुसला, त्याला उठवलं आणि तोंडावर सांगितलं की हे युद्ध झटपट जिंकता येणार नाही. आणि माओने ते ऐकून घेतलं! म्हणाला, झटपट जिंकता आलं तर झटपट, नाहीतर सावकाश.

पेंग काही संत नव्हता, हेही लिहितो. १९५८ मध्ये सैन्यात ‘पोथीनिष्ठेविरुद्ध’ मोहीम निघाली, तिच्यात लिऊ बोचेंग, सू यू असे जुने सेनानी भर सभेत मान खाली घालून स्वतःच्या चुका वाचायला उभे केले गेले, आणि ती मोहीम चालवणाऱ्यांत पेंग पुढे होता. वाईट वाटलं वाचून. वर्षभरात तीच सभा आणि तीच खुर्ची त्याच्या वाट्याला आली.

त्याच १९५८ ची ‘मोठी झेप’. पोलादाचं उत्पादन एका वर्षात दुप्पट करायचं, १ कोटी ७ लाख टन, म्हणून गावोगाव अंगणात भट्ट्या, नऊ कोटी माणसं त्यात जुंपलेली, घरातल्या कढया आणि कुलपंसुद्धा वितळवली. धान्याचे आकडे तर विचारू नका, प्रत्येक कम्यून (अनेक गावांची मिळून केलेली सामूहिक शेती) शेजारच्यापेक्षा मोठा आकडा सांगणार, आणि असा आकडा जाहीर करण्याला ते ‘उपग्रह सोडणं’ म्हणायचे, कारण रशियाचा स्पुतनिक नुकताच वर गेला होता. पेंग वर्षाअखेरीला हुनानला गेला. तरणीताठी माणसं भट्ट्यांवर गेलेली, शेतातलं पीक काढायला म्हाताऱ्या आणि पोरं, धान्य जमिनीवर सांडलेलं.

आणि मग पिंगजियांग. ज्या गावातून तीस वर्षांपूर्वी बंदूक घेऊन उठला तिथल्या प्रदर्शनात त्याने पिकांचे दोन वर्षांचे तक्ते बघितले आणि चौकशी केली, तर कळलं की आकडे उलटे लावलेत, १९५७ चं चांगलं उत्पादन १९५८ च्या नावावर आणि १९५८ चं पडलेलं उत्पादन १९५७ च्या नावावर. एवढंच केलं होतं, पाट्यांची अदलाबदल. पण त्या पाटीवरून वर ठरणार की गावातून किती धान्य उचलायचं. त्याने स्वतःच्या एकट्याच्या नावाने वर तार केली की धान्यखरेदीचा आकडा कमी करा.

१९५९ च्या जुलैमध्ये लुशानला बैठक भरली. लुशान म्हणजे जियांगशी प्रांतातलं थंड हवेचं ठिकाण, आपल्या महाबळेश्वरासारखे परदेशी लोकांनी बांधलेले बंगले, धुकं. बैठक खरं तर झेपेतल्या चुका दुरुस्त करायलाच होती. पेंग सकाळी माओला भेटायला गेला तर रखवालदार म्हणाला आत्ताच झोपलेत. ह्या वेळी तो परत फिरला. आठ वर्षांपूर्वी झोपेतून उठवलं होतं, आता नाही उठवलं, खोलीवर जाऊन पत्र लिहिलं. हा फरक मला पुस्तक मिटल्यावरही सुटत नाहीये. वयामुळे? का मधल्या आठ वर्षांत ते दार वेगळं झालं होतं? मला वाटतं दारच बदललं होतं.

पत्र तसं मवाळच, आधी यश मोजलंय आणि मग चुका, पण त्यात दोन गोष्टी स्पष्ट होत्या, ‘निम्न-भांडवली उतावळेपणा’ झाला आणि राजकारण पुढे केलं म्हणून अर्थशास्त्राचे नियम बाजूला पडत नाहीत. खाजगी पत्र होतं. माओने १६ जुलैला त्याच्या प्रती काढून सगळ्यांना वाटल्या आणि २३ ला भाषण केलं की सैन्य पेंगच्या मागे जाणार असेल तर मी खेड्यात जाऊन नवी लाल सेना उभारीन. त्यानंतर कोण बोलणार? आदल्या दिवसापर्यंत मान डोलावणारे गप्प झाले आणि बरेच जण उलटे बोलायला लागले. पाठीशी उभे राहिलेले चांग वेनतियान, हुआंग कचेंग, चौ शियाओचौ हे पेंगबरोबर ‘पक्षविरोधी टोळी’ ठरले. संरक्षणमंत्री लिन बियाओ झाला.

ह्या गोष्टीत फक्त एका माणसाचं मंत्रिपद गेलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. लुशाननंतर देशभर ‘उजव्यांविरुद्ध’ मोहीम निघाली, मग खालचा कुठला अधिकारी खरा आकडा लिहील? आकडे पुन्हा चढले, त्या आकड्यांवर वसुली झाली, कोठारात धान्य आणि शेजारच्या गावात उपासमार अशी स्थिती. त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे इतिहासकारांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. मी हा आकडा लिहून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

पेंगने मार्शलचा गणवेश, पदकं परत केली आणि बीजिंगबाहेर क्वाजियातुन नावाच्या वस्तीत जुन्या घरात राहायला गेला, सहा वर्षं. तिथे त्याने एक फेन जमीन आखली, आपल्या मापात पाऊण गुंठासुद्धा नाही, आणि त्यात गहू पेरला. खत, पाणी, निंदणी सगळं स्वतः, कारण त्याला बघायचं होतं की जीव ओतून केलं तर एवढ्या जमिनीत जास्तीत जास्त किती पिकतं. वर्तमानपत्रातले ते हजारो जिनांचे आकडे (जिन म्हणजे अर्धा किलो) खरे असू शकतात का एवढंच. पद गेलेलं, भेटायला कोणी येत नाही, आणि साठी ओलांडलेला सेनापती ओंब्या मोजतोय.

ह्या पानावर मी बाबांना फोन लावला. बाबा कृषी सहायक होते, नोकरीची सगळी वर्षं पीक कापणी प्रयोग केले, शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं, आणि त्यावरून गावाचा उतारा. लहानपणी मी त्यांची टेप धरून उभा राहिलोय. त्यांना सगळं सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, अरे पण छोट्या तुकड्याचा आकडा नेहमी जास्तच येतो, एक तर निगा जास्त, त्यात कडेच्या झाडांना हवा-ऊन जास्त मिळतं, म्हणजे त्याने सरकारच्या बाजूने माप धरलं होतं, आणि तरी त्यांचा आकडा खोटा ठरला ना? म्हटलं हो. म्हणाले मग त्याने मोजणी चोख केली.

शेवटची वर्षं वाचवत नाहीत. १९६२ मध्ये त्याने माओला ऐंशी हजार अक्षरांचं पत्र लिहिलं, मी कुठलाही कट केला नाही, चौकशी करा. उत्तर म्हणून आणखी चौकश्या आणि आरोप. त्याच वर्षी बायको पू आनशिऊ, तिच्यावरही दडपण, घटस्फोट मागायला आली. तिने एक पेअर कापलं, दोन भाग केले. चिनी भाषेत पेअर आणि ताटातूट ह्या शब्दांचा उच्चार सारखाच. तिने आपला अर्धा खाल्ला, त्याने आपला खाल्ला नाही. हे वाचून मला पुन्हा आजीच्या भाताची आठवण झाली.

पुढे त्याला कामावर सिचुआनला पाठवलं होतं, १९६६ च्या डिसेंबरमध्ये रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या तरुण पाठीराख्यांच्या टोळ्यांनी, त्याला तिथून पकडून बीजिंगला आणलं, मारहाण, गळ्यात पाट्या, चौकश्यांवर चौकश्या. २९ नोव्हेंबर १९७४ ला कॅन्सरने गेला. अंत्यसंस्कार झाले ते ‘वांग चुआन’ ह्या खोट्या नावाने, राखेच्या डब्यावर तेच नाव, मुक्काम चेंगदू.

डिसेंबर १९७८ मध्ये पक्षाने नाव परत दिलं आणि स्मृतिसभेत डेंग झियाओपिंगने भाषण केलं. पेंगने हाताने लिहिलेले कागद त्याच्या पुतणीने एवढी वर्षं गावी नेऊन लपवले होते. नुसतं त्याची पुतणी असणं हाच त्या काळात गुन्हा होता, तरी तिने ते जाळले नाहीत. त्याच्या स्वतःच्या लिखाणातून झालेलं आत्मकथन १९८१ ला छापून आलं, आणि भिकेचा तो प्रसंग आपल्याला माहीत आहे तो त्यातूनच.

पुस्तक आता बाबांकडे पाठवलंय. काल फोन आला तेव्हा ते कोरियापर्यंत पोचले होते, पण पुढचं काही बोललेच नाहीत, विचारत होते की ती आजी पोरांना घेऊन निघाली तेव्हा ह्याने तिला अडवलं कसं नाही. म्हटलं, अडवून देणार काय होता, घरात काही नव्हतंच. बराच वेळ फोनवर नुसता त्यांच्याकडच्या पंख्याचा आवाज येत होता.