नथ कुठल्या नाकात?

आमच्या गुहागरच्या घराबद्दल एक गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय, की पणजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं वाजलं, वाटण्या झाल्या आणि त्या रागात अंगणातलं तुळशीवृंदावन पायऱ्यांच्या डावीकडून उजवीकडे हलवलं. पुरावा काय, तर फोटो! जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, सगळं घर अंगणात ओळीने बसलंय आणि वृंदावन चक्क डावीकडे. आज ते उजवीकडे आहे. विषय संपला.

यावेळी बिस्किटाच्या डब्यातले सगळे जुने फोटो घेऊनच निघालो. पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा डब्यातला एक चौकोनी फोटो मुद्दाम काढून बघितला, आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेला, मागच्या भिंतीला वाशांचे टेकू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे भूकंप झाला आणि तिकडे खाली आमची भिंत तडकली. त्या फोटोमागे तारीख नाही, पण टेकूच सांगतात की.

गुहागर म्हणजे एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, समुद्राच्या बाजूला घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. आमचं घर ‘खालचा पाट’ म्हणतात त्या भागात. पोचल्यावर पोह्यांच्या आधी फोटो पसरले ओटीवर. पुठ्ठ्यावरच्या फोटोत छपराला नळे, म्हणजे जुनी अर्धगोल कौलं आहेत, नंतरच्या, कातरलेल्या कडांच्या छोट्या फोटोत मंगळुरी कौलं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली, पण आमच्याकडे नळे बरेच नंतर उतरले असणार. गोठ्यामागे फुटक्या कौलांची रास आहे, त्यातल्या एकावर अजून ‘मंगळूर’ची इंग्रजी अक्षरं हाताला लागतात. म्हणजे ‘शंभर वर्षं जसंच्या तसं’ वगैरे जे आपण सांगतो ना पाहुण्यांना, ते सगळं थापाच.

आणि मग काकूने पुठ्ठ्याचा फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाकाशी धरला आणि म्हणाली, "अरे, हिची नथ उजव्या नाकात कशी?"

बघतो तर खरंच! पणजीचीच नाही, तिघींचीही. आपल्याकडे नथ डाव्या नाकात. पुरुषांच्या कोटाची बटणंसुद्धा उलट्या बाजूला. म्हणजे फोटोवाल्याने काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापलाय!! मोबाइलवर फोटो घेतला, आरशासारखा डावा-उजवा फिरवला, अंगणात उभा राहिलो. दाराशेजारचा कोनाडा बरोबर जागेवर आला, पायऱ्यांचा झिजलेला कोपरा आला, आणि वृंदावन उजवीकडे, आज आहे तिथेच. हललंच नव्हतं कधी. आणि आम्ही इतकी वर्षं ती गोष्ट मीठमसाला लावून सांगत होतो, मी तर बायकोला लग्नानंतर पहिल्याच फेरीत सांगितली होती.

फिरवलेला फोटो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. धाकट्या पातीतल्या चुलतभावाचा दोन मिनिटांत मेसेज, "मग भांडण कशावरून झालं?"

काकूला वाचून दाखवला. "भांडायला वृंदावनच लागतं होय रे," म्हणाली, "पोहे गार होतायत."