आधी भूलतज्ज्ञ, मग बाकीचे: तालुक्यात डॉक्टर भरतीचा माझा अनुभव

तालुक्याच्या गावात ट्रस्टचं 50 खाटांचं रुग्णालय, आणि डॉक्टर भरतीचं काम माझ्याकडे. विश्वस्तांचा धोशा ठरलेला असतो: ‘स्त्रीरोगतज्ज्ञ आणा.’ मी मात्र शोधाला लागतो भूलतज्ज्ञाच्या. कारण स्त्रीरोगतज्ज्ञांचा फोनवरचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. ‘भूल कोण देतं, आणि रात्री दोनला येतं का?’ यावर ‘बोलावलं की येतात’ एवढंच सांगता आलं, तर बोलणं तिथेच संपतं. त्यांचं काही चुकत नाही. बाळाचे ठोके उतरले की अर्ध्या तासात सिझर व्हायला हवं, आणि भूलतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावाहून निघाले असतील तर नातेवाईक जाब विचारणार टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरलाच.

भूलतज्ज्ञाला एका छोट्या रुग्णालयात पोटापुरतं काम मिळत नाही. त्यामुळे ‘फक्त आमच्याकडेच’ ही अट घातली की माणूस गेलाच. दरमहा किमान ठरावीक रक्कम, त्यावर प्रत्येक केसचे वेगळे पैसे, दिवसा तालुक्यातल्या इतर सर्जनकडे जायची मोकळीक, आणि रात्रीच्या कॉलला आमचा पहिला हक्क. हे सगळं लेखी. पाहायला आले की चहा राहतो बाजूला, ते सरळ ओटीत (शस्त्रक्रियागृहात) शिरतात. लॅरिंगोस्कोपचं (घशात श्वासनळी टाकताना वापरायच्या उपकरणाचं) पातं उघडून दिवा लागतो का बघतात, सक्शनला बोट लावून ओढ पाहतात, मॉनिटरवर कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी सोय) आहे का विचारतात, ऑक्सिजनचे राखीव जंबो सिलिंडर किती ते मोजतात. दिवा मिणमिणला तर पगाराचा आकडा वाढवून काही उपयोग नाही. म्हणून भेटीच्या आठवडाभर आधी ओटीच्या सिस्टरना घेऊन ही यादी मी स्वतः तपासतो. पाठोपाठ रक्ताचा प्रश्न येतोच. रक्त साठवण केंद्राची परवानगी, कोणत्या रक्तपेढीशी करार, आणि वीज गेली तर फ्रीज 2 ते 6 अंशांत कसा राहतो, याची उत्तरं तयार हवीत.

आरएमओंचं, म्हणजे रुग्णालयात पाळीने चोवीस तास हजर राहणाऱ्या डॉक्टरांचं, गणित वेगळं. आठवड्याचे 168 तास, एका माणसाचे 48 तास. भागाकार साडेतीन येतो. चार नेमले की कागद जुळतो, पण एकाच्या घरचं लग्न आणि दुसऱ्याचा ताप एका आठवड्यात आला की उरलेल्यांना सलग 24 तासांची ड्युटी. पाच हवेतच. जाहिरात एमबीबीएसची द्या, बहुतेक अर्ज बीएएमएसचे येतात. एमबीबीएस येतात ते इंटर्नशिप आणि नीट-पीजी (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) यांच्या मधल्या काळापुरते. मुलाखतीत परीक्षेचं स्पष्ट विचारून घ्यावं आणि त्या महिन्यांची बदली माणसं आधीच धरावीत. प्रवेशाच्या काउन्सेलिंगची फेरी लागली की चार दिवसांत बॅग भरली जाते. एक महिन्याच्या नोटिशीचं कलम तेव्हा नुसतं शोभेचं. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवतात. तो शुद्ध आडमुठेपणा आहे: प्रवेशाला तीच लागतात, आणि बातमी पुढच्या बॅचपर्यंत पोचते.

कागदपत्रांत पदवीपेक्षा नोंदणी नीट पाहावी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्यासाठी डॉक्टरांच्या प्रशिक्षण कार्यक्रमांतून मिळणारे 30 क्रेडिट पॉइंट लागतात. पुष्कळांची मुदत उलटून गेलेली असते. दुसरी नेहमीची गोम म्हणजे एमडी झालं, पण ती जादा पदवी कौन्सिलकडे चढवलेलीच नाही. परराज्यातल्या डॉक्टरला आधीच्या कौन्सिलची एनओसी आणून इथली नोंदणी करावी लागते. परदेशातून एमबीबीएस केलेल्यांची एफएमजीई (त्यांना इथे द्यावी लागणारी पात्रता परीक्षा) उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका (300 पैकी 150) आणि इंटर्नशिपचा दाखला, दोन्ही हवेत.

पैशाचं बोलताना हातात किती पडणार ते सांगावं. मानधनावर नेमलं तर 10 टक्के टीडीएस कापला जातो. हे आधी बोललं नाही की पहिल्याच महिन्यात कुरबूर. केसचा वाटा ‘योजनेचे (सरकारी आरोग्य योजनेचे) पैसे आले की’ देऊ म्हणणं सगळ्यात घातक. क्लेम महिनोन् महिने अडकतात, डॉक्टर काही तोवर थांबत नाही. संस्थेने आपल्या खिशातून 7 तारखेला द्यावं आणि क्लेमची वाट आपण पाहावी. ती ऐपत नसेल तर वाट्याची भाषाच करू नये, ठरावीक रक्कम बोलावी.

नवरा-बायको दोघंही डॉक्टर असतील तर दुसऱ्याच्या कामाचं आधी बघावं, आणि क्वार्टर दाखवताना पाण्याची वेळही सांगून टाकावी.

रुजू होण्याची तारीख ठरवताना सोनोग्राफी विसरू नका. मशीनवर बसणाऱ्या डॉक्टरचं नाव पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा) नोंदणीत असावं लागतं, आणि बदलाची सूचना 30 दिवस आधी सक्षम प्राधिकाऱ्याला द्यावी लागते. एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रं. त्यांची दोन आधीच भरलेली असतील तर एकातून नाव कमी केल्याचं पत्र हातात येईपर्यंत मशीनला हात लावू देऊ नये. मशीन सील झालं तर ओपीडीच बसते. डॉक्टर सोडून जाताना नाव कमी करायचं पत्र त्यांनी भरलेल्या शेवटच्या एफ फॉर्मपर्यंतची (गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा अर्ज) फाइल तपासूनच द्यावं, नंतर सहीसाठी कुणी परत येत नाही.