नळी गेली म्हणे

आषाढातला शुक्रवार, सकाळचे साडेदहा. वागळे इस्टेटच्या आमच्या गल्लीत घोटाभर पाणी तुंबलेलं. त्यातून एक आजोबा आले, छत्री स्वतःच्या डोक्यावर नाही तर नातीच्या हातातल्या लांब काळ्या पेटीवर धरून. पेटी टेबलावर टेकायच्या आत म्हणाले, "नळी गेलीय. बदलून द्या. परवा स्पर्धा आहे हिची."

मी एअर रायफली दुरुस्त करतो. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून माझ्यासारख्याचं गाळ्यात चालतं. दारूच्या हत्याराला मी हात लावत नाही. आणि "नळी गेली" हे वाक्य महिन्यातून तीन-चारदा तरी ऐकतो. नेम चुकला की पहिला आळ नळीवर. खरं तर मॅच रायफलमधून शिशाचा मऊ छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरने जातो, मागे ना आग ना दारू. पोलादी नळी त्याने झिजायची तर मुलीच्या मुली नेमबाज व्हायला हव्यात.

हे सांगितलं तर आजोबांना पटेना. ते मूळचे मुरबाडकडचे. त्यांच्या वडिलांकडे बंदूक होती, १९७२चा वन्यजीव कायदा येईपर्यंत घरात रानडुकराची शिकार व्हायची. "बंदुकीतलं मला कळतं हो थोडंफार." मी मान डोलावली. वाद घालायला वेळ नव्हता.

पोरगी सोळा-सतराची, बोलायला कमी. ६० शॉट्समध्ये एरवी ६२०च्या आसपास मारते (कमाल ६५४). मागच्या सरावात ६०४. "काका, मला शॉट सुटताना १० वाटतो आणि स्क्रीनवर ८.९ येतो," एवढंच म्हणाली. ज्या पोरीला सुटलेला शॉट कुठे गेला ते आधी कळतं, तिच्या तक्रारीवर मी विश्वास ठेवतो.

स्पर्धेचं अंतर १० मीटर, म्हणजे जवळजवळ ३३ फूट. आमचा गाळा ३० फूट बाय १५. सरळ मारायला अपुरा, पण तिरपा मोजला तर साडेतेहतीस फूट. एका कोपऱ्यात व्हाइस, समोरच्या कोपऱ्यात छर्रे अडवायची पेटी, शटर अर्धं खाली आणि पोऱ्या दारावर. व्हाइसमध्ये धरायची ती बॉडी, नळी नाही. नळी आवळली की ती वेगळीच वागते आणि आपण भलत्याच रोगावर औषध देत बसतो.

आधी स्क्रू. दस्त्याचे, मागच्या साइटचे, पुढच्या साइटचे, एकेक अ‍ॅलन कीने बघितले. सगळे घट्ट. मग तिच्याच डब्यातले दहा छर्रे. कागदावर भोकांचा पुंजका बाहेरून बाहेर १३ मिलिमीटर, आणि उभट. चांगल्या रायफलचा चांगल्या छर्‍याने ६-७ भरतो, त्यात एका भोकाचेच साडेचार. म्हणजे दोष पोरीचा नव्हता. ती पहिल्यांदा हसली. छर्‍यांचा डबा बदलून बघितला, ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर डोक्याचे. फरक नावापुरता.

मग वेग मोजला. १६७, १७६, १७०, १७७. इथे मी फसलो. १० मीटरमध्ये छर्रा जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो, पण वेग असा नाचला तर उभा फरक पडणारच. आणि वेग नाचतो म्हणजे रेग्युलेटरची, दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाची, सील गेली असं मी ठरवूनच टाकलं. सिलिंडर काढलं, हवा सोडली, रेग्युलेटर खोलला. ओ-रिंग ठीकच दिसत होती, तरी बदलली. मधे पाऊण तास वीज गेली, मोबाईलच्या उजेडात ती बारीक स्प्रिंग टेबलाखाली घरंगळली, पोऱ्याने शोधली. पुन्हा जोडून मारलं तर १६९, १७७, १६८. दुपारचे दोन वाजून गेलेले.

शिशाचे हात साबणाने दोनदा धुऊन डबा खाल्ला. खाताना लक्षात आलं, जे पहिल्या पाच मिनिटांत करायचं तेच राहिलंय. नळीत डोकावलोच नव्हतो. लोक नळीला उगाच बदनाम करतात या माझ्या टेचात मीच नळी सोडून दिली होती.

नायलॉनची दोरी घातली, फेल्टचा बोळा लावला आणि मागून पुढे ओढला; उलटा ओढला तर तोंडाची कड दुखावते. बोळा बाहेर आला तो काळा आणि चिकट. बोटाने दाबला तर कडेने पिवळसर तेल सुटलं. वास घेतला. शिलाई मशीनचं तेल. छर्रा भरायच्या खाचेतही तेच साचलेलं.

"नळीत तेल कोणी घातलं?"

पोरीने माझ्याकडे बघितलं, मग आजोबांकडे. आजोबा शटरखालून पावसाकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मीच. पाऊस लागला की वडील घालायचे. दर दोन दिवसांनी दोन थेंब. हिच्या नळीला गंज चढू नये म्हणून..."

दारूच्या बंदुकीला ते बरोबरच होतं. दारूची राख ओल धरते, नळी खाते, आणि वापराआधी तेल पुसून काढायचं हेही त्या लोकांना ठाऊक असे. इथे पुसायचं राहिलं. छर्रा कधी तेलावरून घसरायचा, कधी कोरड्यावर अडायचा. मी एवढंच सांगितलं, पोरीसमोर. ती म्हणाली, "आबा, मला विचारायचं ना!" आणि त्यांच्यासाठी चहा मागवायला सांगितला.

बोळे अकरा लागले. शेवटचा करडा आला. धुतलेली नळी लगेच वळणावर येत नाही, आतमध्ये शिशाचा पातळ थर बसेपर्यंत छर्रे भरकटतात. पहिले दहा बघून आजोबांचा चेहरा पडला. तिसाव्यानंतर पुंजका आवळत गेला. साडेपाचला व्हर्नियर लावला: ६.८ मिलिमीटर. वेग १७२, १७३, १७२.

पैसे देताना आजोबांनी नवी ओ-रिंगही धरली होती. ती चूक माझी, ते पैसे परत केले. पेटी बंद झाली, छत्री पुन्हा पेटीवर गेली. दारात थांबून त्यांनी विचारलं, "हिच्या आजीच्या मशीनला तरी घालू ना तेल?"